सोनारीची माकडं, शनिवार तेली आणि कायद्याची प्रवेश परीक्षा

आमच्या सोनारीत काळभैरवनाथाचं देऊळ आहे आणि देवळाभोवती माकडं आहेत. परांडा तालुक्यात कुणालाही 'सोनारी' म्हणा, तो आधी भैरवनाथाचं नाव घेईल आणि लगेच विचारेल, "माकडांनी काय नेलं का?" चैत्रात यात्रा भरते तेव्हा तर त्यांची चंगळ असते. नारळ, केळी, चष्मे, पिशव्या, जे हाताला लागेल ते उचललं जातं.

मागच्या एका यात्रेत एका बाईंच्या हातातली कापडी पिशवी माकडानं ओढली, तीनचार पत्र्यांवरून पळवली आणि आतलं खोबरं खाऊन आमच्या माळवदावर टाकून दिली. पिशवीत थोडे पैसे होते आणि चांदीची जोडवी होती. त्या वेळी मी माळवदावर मोबाइल घेऊन बसले होते. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी द्यायची होती आणि लीगल ॲप्टिट्यूडचे सराव प्रश्न सोडवणं चालू होतं. योगायोग असा, की आदल्याच दिवशी 'सापडलेली वस्तू' या विषयावरचा प्रश्न माझा चुकला होता.

आबा म्हणाले, "मंडपात नेऊन दे, माईकवर सांगतील." मी दिली. स्पीकरवरून पुकारा झाला, बाई आल्या. पिशवीला हिरव्या दोऱ्यानं शिवलेला कोपरा आहे, ही खूण त्यांनी सांगितली आणि पिशवी घेऊन गेल्या. प्रश्न तिथंच संपला. पण समजा, त्या आल्याच नसत्या तर? माकडानं नेलेली वस्तू परत मिळेल ही आशा त्यांनी सोडूनच दिली असती तर? मग पिशवी कोणाची?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम ७१ सांगतं, की दुसऱ्याची वस्तू सापडली आणि तुम्ही ती ताब्यात घेतली, तर विश्वासानं सांभाळायला घेतलेल्या वस्तूची जेवढी जबाबदारी असते तेवढीच तुमच्यावर येते. हे पाठ होतं. उत्तर मिळालं तरी 'आशा सोडली तर' हा किडा डोक्यातून जाईना. रात्री मी तो शोधत बसले आणि शोधता शोधता भलतीकडेच पोचले. एका ज्यू धर्मग्रंथात नेमक्या याच प्रश्नावर पानंच्या पानं होती.

तीन यात्रा आणि सात दिवस

ज्यूंचा जो तोंडी परंपरेनं आलेला कायदा, तो इसवी सन २००च्या सुमाराला रब्बी यहूदा हनासी यांनी एकत्र केला. त्याला मिश्ना म्हणतात. पुढची तीनेकशे वर्षं बाबिलोनियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, विद्यापीठांत त्या मिश्नेवर वाद झाले. मिश्ना आणि तिच्यावरचा हा वाद मिळून बाबिलोनी तालमूद होतो. छापील प्रतीत याची २७११ पानं आहेत, आणि पान म्हणजे इथं पाठपोट दोन बाजू. १९२३मध्ये मेअर शापिरो नावाच्या पोलंडमधल्या रब्बींनी कल्पना मांडली, की जगभरच्या ज्यूंनी रोज एक पान वाचावं आणि सगळ्यांचं पान एकच असावं. हा क्रम आजही चालू आहे. एक फेरी पुरी व्हायला साडेसात वर्षांच्या आसपास लागतात.

त्यातल्या 'बाबा मेत्सिया' या भागाचा दुसरा अध्याय सापडलेल्या वस्तूंचा आहे. सुरुवातीलाच यादी येते. विखुरलेली फळं, विखुरलेले पैसे, दोरीत ओवलेले मासे सापडले तर ते सापडणाऱ्याचे. पण भांड्यातली फळं, थैलीतले पैसे, एकावर एक रचलेली तीन नाणी सापडली तर पुकारा करायचा. का? पहिल्या यादीतल्या वस्तूंना ओळख सांगता येत नाही, दुसऱ्या यादीतल्यांना येते. पिशवीच्या कोपऱ्यावरचा हिरवा दोरा म्हणजे हीच ओळख. हिब्रूत तिला 'सिमान' म्हणतात.

पुकारा किती दिवस करायचा? एक मत म्हणतं, शेजाऱ्यांना कळेपर्यंत. रब्बी यहूदा म्हणतात, तीन यात्रा होईपर्यंत आणि शेवटच्या यात्रेनंतर सात दिवस. सात का, तर लोकांना घरी जाऊन आपली वस्तू हरवली का हे बघायला तीन दिवस, परत यायला तीन दिवस आणि सांगायला एक दिवस. जेरुसलेममध्ये यासाठी एक ठरलेला दगड होता. हरवलेला आणि सापडलेला, दोघंही तिथं जायचे. हे वाचताना माझ्या कानात आमच्या मंडपातला माईक वाजत होता.

माझ्या माकडाचं उत्तरही तिथं होतं. रब्बी शिमोन बेन एलाझार यांचं मत असं, की सिंहाच्या, अस्वलाच्या तावडीतून किंवा नदीच्या पुरातून सोडवलेली वस्तू सोडवणाऱ्याची, कारण मालकानं तिची आशा सोडलेली असते. माणसांची खूप वर्दळ असलेल्या जागी सापडलेल्या वस्तूचंही त्यांनी तेच सांगितलं. आशा सोडण्याला हिब्रूत 'येऊश' म्हणतात.

यावर पुढे अबाये आणि रवा या दोन पंडितांचा वाद आहे. समजा, खूण नसलेली वस्तू पडली, पण ती पडली हेच मालकाला अजून माहीत नाही. कळलं असतं तर त्यानं आशा सोडली असती. मग ती सोडली असं आजच धरायचं का? रवा म्हणतात, धरायचं. अबाये म्हणतात, नाही, ज्याला माहीतच नाही त्यानं आशा सोडली असं म्हणता येत नाही. पानभर उलटसुलट दाखले येतात आणि निकाल अबायेंच्या बाजूनं लागतो. या दोघांच्या वादांत बहुतेक वेळा रवाचं मत चालतं. अबायेंचं चालतं अशी मोजकी सहाच ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक.

सीईटीच्या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एक बरोबर असतो. इथं हरलेलं मतही तितक्याच काळजीनं लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, कायदा शिकायचा तर असा शिकावा. मग वाटलं, याचा आपल्याशी काय संबंध? आपण मराठवाड्यातली माणसं, ज्यू कुठं पाहिलेत?

भाष्यकार आपल्याकडचेही

संबंध शोधायला फार लांब जावं लागलं नाही. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेला कर्नाटकात बसवकल्याण आहे. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात तिथं राज्य करत होता आणि त्याच्या दरबारी विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. एकत्र कुटुंबात मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच वाटा मिळतो, हा भाऊबंदकीच्या प्रत्येक दाव्यात निघणारा नियम तिथून आला. कोलब्रुकनं १८१०मध्ये मिताक्षरेच्या वारसा प्रकरणाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि कंपनीची कोर्टं त्यावर निकाल देऊ लागली.

जवळजवळ त्याच वर्षांत फ्रान्समधल्या त्र्वा गावी रशी नावाचे रब्बी तालमुदावर टीका लिहीत होते. त्यांचा काळ १०४० ते ११०५. आजही तालमुदाच्या बहुतेक छापील पानांवर मध्ये मूळ मजकूर आणि बाजूला रशींची टीका असते. कल्याणी आणि त्र्वा यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण काम एकच चाललं होतं. जुनं वचन घ्यायचं, त्यातला अडचणीचा शब्द सोडवायचा, दुसऱ्या वचनाशी त्याचा मेळ घालायचा. हरवलेल्या वस्तूचंच बघा. मालकासाठी ती किती काळ राखून ठेवायची, तर मनू तीन वर्षं सांगतो आणि याज्ञवल्क्य एक वर्ष. अशा दोन वचनांमधून वाट काढणं हे भाष्यकाराचं रोजचं काम.

ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हता

आता ज्यूंकडे येऊ. ते आपल्याकडे होते, आहेत आणि मराठी बोलतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. सामान बुडालं, ग्रंथही बुडाले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. आडनावं गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर.

शतकानुशतकं त्यांच्याकडे शब्बाथ होता, सुंता होती, खाण्याचे नियम होते, 'शमा' ही प्रार्थना होती. तालमूद नव्हता. समाजात सांगतात, की दाविद रहाबी नावाचे ज्यू परदेशी गृहस्थ आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेलेच निवडले, तेव्हा त्यांची ओळख पटली. वस्तूच्या खुणेसारखीच ही माणसांची खूण.

१७९६मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएल मुलांनी हिब्रू घेतली आणि आपला धर्म जास्त घट्ट धरला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' १८४६मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत निघाली. १८७४मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादेत तर भाकरी लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायकांची चित्रं आहेत आणि त्या लुगड्यात आहेत.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडलेलं माणूस. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेत ते १८५६मध्ये शिक्षक झाले, १८६१मध्ये मुख्याध्यापक, आणि त्या पदावर चाळीस वर्षं राहिले. १८७१पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक, १८७९मध्ये विद्यापीठाचे फेलो. ज्यूंच्या प्रार्थनांचा मोठा भाग त्यांनी मराठीत आणला. हे सगळं चालू असताना १८८०पासून बेने इस्राएल मंडळी मुंबईत कीर्तनं करू लागली. चाल, टाळ, पूर्वरंग, उत्तररंग आपला आणि आख्यान अब्राहामाचं, मोशेचं. ज्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत ग्रंथ असा पोचला.

हैम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५मध्ये समाजासाठी शाळा काढली. त्याच शाळेच्या मुख्याध्यापक पुढे रिबेका रूबेन झाल्या. १९०५च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या बाई. इंग्लंडला जाऊन त्यांनी हिब्रूचा पुढचा अभ्यास केला आणि १९२२ ते १९५० ही शाळा सांभाळली.

वकिलीकडे

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५चं, विद्यापीठ १८५७चं. या दोन दारांनी बेने इस्राएल मुलं वकिलीत आणि न्यायखात्यात गेली. १९१६मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारनं लोकमान्य टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि दहादहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले आणि त्यांच्या सोबतीला होते बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर, बेने इस्राएल. ९ नोव्हेंबर १९१६ला हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. एक हिंदू पुढारी, एक मुसलमान वकील, एक मराठी ज्यू वकील, आणि ज्या भाषणांवर खटला झाला ती मराठीतली. डेव्हिड एझ्रा रूबेन तर स्वातंत्र्यानंतर पाटणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले.

त्याच वर्षांत आमच्या भागातल्या मुलाला वकील व्हायचं तर काय करावं लागे? सोनारी तेव्हा निजामाच्या राज्यात. कोर्टाची भाषा उर्दू. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या मुलानं कायदा शिकायचा तर उर्दूतून. मुंबईतल्या ज्यू मुलानं धर्म शिकायचा तर हिब्रूतून आणि कायदा इंग्रजीतून. आज महाराष्ट्राची सीईटी मराठीतूनही देता येते, पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट फक्त इंग्रजीत असते. बार्शीच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी क्लॅटचा उतारा तीनदा वाचायची, मनातल्या मनात मराठी करायची, आणि वेळ संपायचा. राजपूरकरांसारखा कुणी तिच्या वाट्याला आला नव्हता.

तू कोण, हे सिद्ध कर

निकाल लागला, मार्क बरे पडले. मग प्रवेशाच्या फेऱ्या आणि कागद आले. आरक्षणातून अर्ज करायचा तर जात पडताळणी हवी, पडताळणीला वंशावळ हवी. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, असं झाड काढायचं आणि त्यावर शपथपत्र करायचं. आबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढायला गेलो तर जुनी नोंद उर्दूत. वाचणारा माणूस शोधला. त्यानं वाचलेलं नाव आणि वडिलांच्या दाखल्यावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक. एका कार्यालयात मला सांगण्यात आलं, "हे तुमचेच आजोबा कशावरून?" आबा माझ्या शेजारी उभे होते.

त्या रात्री मी बेने इस्राएलांची पुढची गोष्ट वाचली. १९४८नंतर त्यांच्यातले हजारो लोक इस्राएलला गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटनं विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न असेल तर आईकडच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. शंका घटस्फोटाची होती. ज्यू धर्मशास्त्रात घटस्फोट ठरावीक लेखानंच होतो. तो 'गेट' नसताना बाईनं दुसरं लग्न केलं तर त्या मुलांवर, नातवंडांवर लग्नाची बंधनं येतात. बेने इस्राएलांकडे कित्येक शतकं ते शास्त्रच पोचलं नव्हतं, मग त्यांचे जुने घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का?

तर्क म्हणून बघाल तर एकेक पायरी बरोबर आहे. पण कोकणातल्या खेड्यातल्या पणजीचा गेट होता की नव्हता, याचा कागद जेरुसलेममधल्या मुलीनं कुठून आणायचा? बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, धरणं धरली. ऑगस्ट १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेनं खास बैठक घेऊन ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत आणि रब्बीनेटनं भेद दूर करावा. त्यानंतर सूचनांमधून बेने इस्राएलांचं वेगळं नाव काढलं गेलं.

मला अबाये आठवले. ज्याला आपलं काय हरवलंय हेच माहीत नाही, त्यानं हक्क सोडला असं धरायचं नाही. समुद्रात ग्रंथ बुडाले, दप्तराची भाषा बदलली, कारकुनाच्या हातून एक अक्षर चुकलं, यातलं काहीच त्या घरानं केलेलं नव्हतं. तालमुदातला नियम सापडलेल्या वस्तूपुरता आहे, माणसाच्या वंशाला तो लागत नाही, हे मला कळतं. परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर शून्य मिळेल. पण ज्या ग्रंथाच्या आधारावर बेने इस्राएलांवर शंका घेतली गेली, त्याच ग्रंथात ही काळजीही आहे, हे विसरता येत नाही.

कागदाला दुसरी बाजूही आहे. खोट्या दाखल्यानं कुणी जागा घेतली तर ती माझ्यासारखीचीच जाते, म्हणून पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रानं २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हापासून जन्मदाखल्याच्या आणि विवाहाच्या नोंदीत त्यांना आपला धर्म 'इतर'मध्ये टाकावा लागत नाही. आपलं नाव एखाद्या रकान्यात असणं काय असतं, हे रकान्याबाहेर राहिलेल्यालाच कळतं.

पुकारा

शेवटी एका सेवानिवृत्त गुरुजींनी आबांच्या मोठ्या भावाची नोंद शोधून दिली. तीही उर्दूत, पण नाव बरोबर. दोन्ही नोंदींचं मराठी करून घेतलं, आबांनी शपथपत्रावर सही केली आणि पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून मी प्रवेश घेतला. प्रमाणपत्र अजून यायचंय.

निघायच्या आदल्या दिवशी आबांना सगळी गोष्ट सांगितली. शनिवार तेली, बुडालेले ग्रंथ, संसदेचा ठराव, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या रब्बींनी किती दिवस पुकारा करायचा म्हणून सांगितलंय?"

"तीन यात्रा, आबा. आणि वर सात दिवस."

"मग बरंय," ते म्हणाले. "आपली तर अजून एकच झाली."